चाळीस मिलिमीटर

रात्री दोन-अडीचला जाग आली म्हणून खिडकीशी गेले आणि बघते तर समोरच्या साइटवरची टॉवर क्रेन आपली आपणच फिरतीये. वर केबिनमध्ये दिवा नाही, खाली चिटपाखरू नाही, आणि तो एवढा लांबलचक हात अंधारात सावकाश वळतोय, थांबतोय, परत उलटा येतोय. पोटात गोळाच आला. वाटलं ब्रेक गेला वाटतं, कुणाला तरी फोन करायला हवा, पण करणार कुणाला. सकाळी उठल्या उठल्या साइटच्या गेटवर गेले आणि तिथल्या इंजिनिअरला विचारलं. तो म्हणाला, मॅडम, ती मुद्दामच सुटी सोडलेली असते. काम संपलं की ऑपरेटर वळायचा ब्रेक मोकळा करून मगच खाली उतरतो, मग वारा जसा फिरेल तसा क्रेनचा हातही फिरतो. घट्ट अडकवून ठेवली तर आडव्या वाऱ्याचा सगळा जोर खांबावर येतो, आणि पडायची भीती असते ती तेव्हा.

हे ऐकल्यापासून मी त्या साइटकडे नीट बघायला लागले. त्याआधीचे दोन-तीन महिने नुसता वैताग होता, आवाजाचा, धुळीचा, निम्मा रस्ता पत्र्यांनी खाल्ल्याचा. शहराच्या मध्यात राहायचं म्हणजे हे आलंच असं सगळे म्हणतात, पण रोज सकाळी सातला त्या ठोक्यांनी उठणाऱ्याला 'आलंच' म्हणून बरं वाटत नाही. क्रेनची गोष्ट कळली आणि माझ्यात काहीतरी हललं. एक माणूस रोज संध्याकाळी, दमलेला असताना, एवढी शिडी उतरण्याआधी आठवणीनं तो ब्रेक मोकळा करतो म्हणून आम्ही आजूबाजूचे सगळे शांत झोपतो, आणि मला हे माहीतच नव्हतं.

पुढची साडेचार वर्षं मी ती इमारत जमिनीखालून वर येताना बघितली.

पत्र्यांना एका ठिकाणी जाळी लावलेली होती, तिथून आत दिसायचं. खड्डा इतका खोल की तळाशी काम करणारी माणसं पिवळ्या टोप्यांचे ठिपके वाटायची. कडेनं शोअरिंगचे पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खांब, एकाला एक लागून उभे, रस्त्याची माती आत ढासळू नये म्हणून, आणि पंप रात्रंदिवस चालू, कारण एवढं खाली गेलं की पाणी लागतंच. त्या पाइलच्या आत मग बेसमेंटची भिंत उभी राहिली, आणि दोघांच्या मध्ये साधारण मीटर-दीड मीटरची मोकळी जागा ठेवली होती. भिंतीला बाहेरून वॉटरप्रूफिंग करायला माणूस उतरला पाहिजे, शटरिंग, म्हणजे कॉंक्रीटचा साचा, खोलता आलं पाहिजे, म्हणून. ती अरुंद खोल चर मी कितीतरी वेळा बघितली असेल, पण तिच्याबद्दल मनात काही आलं नाही. पुढं जे झालं ते सगळं त्या चरीतूनच आलं म्हणून इथं सांगून ठेवते.

राफ्टचं, म्हणजे सगळ्या इमारतीखालच्या पायाच्या जाड स्लॅबचं, कॉंक्रीट ओतलं त्या रात्री मी झोपलेच नाही. मिक्सरच्या गाड्यांची रांग कोपऱ्यापर्यंत, एक रिकामी होऊन निघाली की दुसरी मागं येऊन लागायची, कारण मध्ये खंड पडून चालत नाही, आधीचं कॉंक्रीट धरायला लागलं की नवं त्याच्याशी एकजीव होत नाही. एक मुलगा प्रत्येक गाडीतलं थोडं कॉंक्रीट फूटभर उंचीच्या पत्र्याच्या कोनात भरून, सळईनं ठोसून, कोन अलगद वर उचलायचा आणि ढीग किती खाली बसला ते पट्टीनं मोजायचा. स्लम्प टेस्ट. शेजारी लोखंडी साच्यांत दीडशे मिलिमीटरचे ठोकळे भरून ठेवायचे, ते पाण्यात मुरवून सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी मशीनखाली फोडून बघतात. दुबईची बुर्ज खलिफा 828 मीटर उंच आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती 192 पाइलवर आणि 3.7 मीटर जाड राफ्टवर उभी आहे, आणि उन्हाळ्यात तिचं कॉंक्रीट रात्री ओतायचे, पाण्यात बर्फ घालून, कारण कॉंक्रीट घट्ट होताना स्वतःच तापतं आणि वरून बाहेरचं ऊन मिळालं की तडे जातात, हे मला त्या रात्रीनंतर वाचताना कळलं. उंचीपेक्षा मला ते बर्फाचंच जास्त लक्षात राहिलंय.

आणि सळई बांधणारे. चौथ्या-पाचव्या मजल्यापर्यंत ते माझ्या खिडकीच्या समोरच असायचे, अगदी हाताच्या अंतरावर म्हणावं तसे. कमरेला तारेचं भेंडोळं, हातात लोखंडी आकडा. दोन सळया एकमेकींना छेदतात तिथं तार दुमडून खालून घ्यायची, आकडा अडकवायचा, मनगटाला दीड-दोन झटके, की झाली गाठ, आणि पुढची. नुसतं बघत बसलं तर मन शांत व्हायचं. एकदा एक जण थांबला, बांधलेल्या पाच-सहा गाठी परत सोडल्या, सळई बोटभर सरकवली आणि सगळ्या पुन्हा बांधल्या. त्याला कुणी ओरडलं नव्हतं, वर कुणी सुपरवायझरही नव्हता. दुसऱ्या दिवशी ते सगळं कॉंक्रीटखाली जाणार होतं, कायमचं.

मजले मग भराभर चढले. आठ-दहा दिवसांत एक स्लॅब. वर जाताना इमारत ओळंब्यात राहावी म्हणून लेझर लावतात, प्रत्येक मजल्याला मोजतात. खांब स्वतःच्या आणि वरच्या ओझ्यानं किंचित आखूड होतात, वर्षानुवर्षं होत राहतात, म्हणून उंच इमारतीत तो फरक आधीच हिशोबात धरून मजले जरा जास्त उंचीवर ओततात. हे मला केवढं तरी मोठं वाटतं, की इमारत पुढं किती दबेल ते आत्ताच जमेस धरलंय. तैपेईची 508 मीटरची इमारत वाऱ्यात डोलू नये म्हणून तिच्या वरच्या मजल्यांमध्ये 660 टनांचा गोळा टांगलाय, इमारत एकीकडं गेली की तो मागं रेंगाळून तिला आवरतो. शांघाय टॉवर 632 मीटर, तो तळापासून वरपर्यंत पिळत नेलाय साधारण 120 अंशांत, आणि त्या पिळामुळं वाऱ्याचा भार जवळजवळ चोवीस टक्क्यांनी उतरला. माणसाच्या डोक्याला खरंच मानलं पाहिजे. उंच इमारतींच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांतली मी नाही, अजूनही नाही.

पण रस्त्याचं काय होतं, हा प्रश्न मला खूप उशिरा पडला.

लिफ्ट यायच्या आधी वरचे मजले म्हणजे गैरसोय होती, जिने चढून कोण जाणार, चांगली जागा खालची, रस्त्याजवळची. 1857 मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका पाच मजली दुकानात माणसांसाठीची पहिली सुरक्षित लिफ्ट बसली, दोर तुटला तरी न पडणारी, 1885 मध्ये शिकागोत होम इन्शुरन्स बिल्डिंग धातूच्या सांगाड्यावर दहा मजले वर गेली, आणि मग हळूहळू सगळं उलटं झालं. जितकं वर तितकं महाग. जमिनीवरचा मजला म्हणजे पार्किंगची तोंडं, ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, सिक्युरिटीचं केबिन. डेन्मार्कचे आर्किटेक्ट यान गेल आयुष्यभर सांगत आले की पाचव्या मजल्याच्या वर गेलं की माणसाचा रस्त्याशी संबंध तुटतो, चेहरे दिसत नाहीत, हाक ऐकू येत नाही. माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, त्यामुळं मला हे पटायला काही वेळ लागला नाही, मला खालच्या माणसाच्या कपाळावरची आठी दिसते. समोरच्या इमारतीत तिसाव्या मजल्यावर जो राहायला येईल त्याच्यासाठी आमचा रस्ता म्हणजे वरून काढलेला नकाशा असणार.

उंचीनं रस्त्याचं नुकसान होतं म्हणून कायदे झाले, नाही असं नाही. न्यूयॉर्कमध्येच 1915 मध्ये इक्विटेबल बिल्डिंग झाली, 38 मजले, प्लॉटच्या रेषेवरून सरळ उभी भिंत, कुठं मागं सरकणं नाही. तिच्या सावलीत आजूबाजूचे रस्ते आणि इमारती दिवसभर अंधारात, आणि लोक इतके वैतागले की दुसऱ्याच वर्षी, 1916 मध्ये शहरानं नियम केला की वर जाताना इमारत टप्प्याटप्प्यानं मागं घ्यायची, उजेड खाली पोचला पाहिजे. त्या काळच्या तिथल्या इमारती केकच्या थरांसारख्या दिसतात त्या शोभेसाठी नाही, खालच्या माणसाला आभाळ मिळावं म्हणून.

वाऱ्याचं तर मला स्वप्नातही आलं नसतं. उंच सपाट भिंतीवर वारा आदळला की त्यातला बराचसा खाली घसरतो, जितकी इमारत उंच तितका वरचा जोरकस वारा फूटपाथवर येऊन कोपऱ्यांवरून सुटतो. लंडनसारख्या शहरांत आता परवानगीच्या आधी इमारतीचं छोटं मॉडेल वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून बघायला लावतात. हे असंच नाही सुचलं. इंग्लंडमधल्या लीड्समध्ये ब्रिजवॉटर प्लेस नावाची 32 मजली इमारत आहे, तिच्या पायथ्याशी 2011 मध्ये वाऱ्यानं एक अख्खा ट्रक उलटला आणि रस्त्यानं चालणारा माणूस त्याखाली गेला. नंतर तिथं रस्त्यावर वारा अडवणारे मोठाले अडसर बसवले. नंतर. हे वाचून मी बराच वेळ काहीच केलं नाही, कारण तो माणूस त्या इमारतीत राहत नव्हता, तिथं त्याचं काही कामही असेल की नाही कोण जाणे, तो फक्त खालून चालला होता.

खालून फक्त चालणारा माणूस ड्रॉइंगमध्ये कुठं असतो? पत्र्यांवर त्या इमारतीचं मोठं चित्र लावलेलं होतं, तुम्हीही अशी बघितली असतील, खाली गुळगुळीत फूटपाथ, भरगच्च झाडं, हातात हात घालून चाललेली माणसं, आणि इमारतीची फरशी कुठं संपते, रस्त्याची कुठं सुरू होते ते चित्रात कळतच नाही, एकच रंग, एकच जमीन. प्रत्यक्षात तिथं एक रेघ असते. प्लॉटची हद्द. रेघेच्या आतला ठेकेदार वेगळा, बाहेरचा वेगळा, आतली लेव्हल एकानं चार वर्षांपूर्वी ठरवलेली, बाहेरची दुसऱ्यानं आत्ता, आणि रेघेवर कुणाचंच नाव नाही.

इमारत जवळजवळ पूर्ण झाली आणि आमचा रस्ता सुशोभीकरणात आला. खरं सांगते, मला आनंद झाला होता. आधीचा फूटपाथ कसला, तुकड्यातुकड्यांचा. आता बसायला बाक येणार, झाडं येणार, कर्ब, म्हणजे फूटपाथची रस्त्याकडची कड, खाली उतरणार, दिवे बदलणार. पहिल्यांदा अर्थात सगळं उकरलं. रस्त्याच्या पोटात काय काय असतं ते त्या दिवसांत दिसलं, पाण्याची जुनी लाइन, ड्रेनेज, विजेच्या केबल, फायबरच्या केशरी नळ्या, मध्येच एक कुणालाच माहीत नसलेला बिडाचा पाइप, तो कुठून येतो कुठं जातो यावर दोन दिवस काम थांबलं. यावेळी शहाणपणा एवढा केला की केबलसाठी डक्ट टाकून घेतले, म्हणजे उद्या कुणाला नवी लाइन टाकायची तर फरशी फोडायला नको.

मग पेव्हर ब्लॉक बसवणारे आले. त्यांचं काम जमिनीला टेकून चालतं. खाली खडी दाबून झाली की वर तीन-चार सेंटिमीटर वाळूचा थर, दोन पाइप ठेवून त्यांच्यावरून फळी ओढत तो सारखा करायचा, आणि एकदा सारखा केला की त्यावर पाय ठेवायचा नाही, म्हणून बसवणारा बसवलेल्या ब्लॉकवर गुडघे टेकून पुढं पुढं सरकतो. दोरी ताणलेली. ब्लॉक ठेवायचा, रबरी हातोडीचा एक ठोका, शेजारच्यावर तळहात फिरवून बघायचा. डोळ्यांनी नाही बघत ते, तळहातानं बघतात. मी विचारलं, दादा, कळतं का असं, तर म्हणाला ताई, डोळा फसतो, हात नाही फसत. शेवटी सगळ्यावरून प्लेट कॉम्पॅक्टर फिरवला, फटींत बारीक वाळू झाडली. पाणी रस्त्याकडं जावं म्हणून शंभराला दोन उतार, बघून कळणारही नाही इतका. इमारतीच्या हद्दीपर्यंत आणून काम थांबलं, पलीकडं इमारतीची काळी ग्रॅनाइटची फरशी. दोन्ही इतक्या एकसारख्या लेव्हलला मिळाल्या होत्या की मी मुद्दाम वाकून सांध्यावरून बोट फिरवलं. अडकलं नाही. घरी येऊन आईला सांगितलं, चल आता, तुला कोपऱ्यापर्यंत काठी न घेता जाता येईल.

पाच-सहा महिने ती जात होती. रोज संध्याकाळी. बाकावर बसायची, समोरच्या बाईंशी ओळख झाली, परत यायची. माझ्यासाठी एवढं पुरेसं होतं, त्या सगळ्या आवाजाधुळीची भरपाई झाली असंच मी धरलं होतं.

एका मोठ्या पावसानंतर, दोन-तीन दिवसांनी, ती त्या सांध्यावर पडली. पायाचा पुढचा भाग अडकला, हात पुढं केला आणि मनगट गेलं. मी धावत खाली गेले तर ती फूटपाथवर बसलेली, हात दुसऱ्या हातात धरून, आणि पहिलं काय म्हणाली तर, अगं माझंच लक्ष नव्हतं.

लक्ष होतं तिचं. दुसऱ्या दिवशी मी स्टीलची पट्टी घेऊन गेले. ग्रॅनाइटची कड जागच्या जागी, आणि बाहेरचे पेव्हर खाली गेलेले, सगळे नाहीत, इमारतीला लागून मीटर-दीड मीटरचा पट्टाच, पन्हाळीसारखा. सगळ्यात जास्त जिथं खचलं होतं तिथं चाळीस मिलिमीटर. अमेरिकेत अपंगांसाठीच्या 1990 च्या कायद्याखाली जे नियम आहेत त्यांत चालण्याच्या वाटेवर सहा मिलिमीटरपर्यंतची उभी कड चालते, त्यापुढं तेरापर्यंत उतार द्यायचा, तेराच्या वर गेलं की रॅम्प. सहा मिलिमीटर म्हणजे करंगळीच्याही निम्मं. म्हातारं माणूस पाऊल उचलतं ते तेवढंच, पाय घासत जातो म्हणा ना, त्याला चाळीस मिलिमीटर म्हणजे भिंत असते.

मी तक्रार केली. इमारतवाल्यांनी सांगितलं की आमची फरशी आहे तिथंच आहे, बघा. ते खरंच होतं. रस्त्याच्या कामाच्या ऑफिसात म्हणाले की आम्ही लेव्हल बरोबर दिली होती, मोजणीचा कागद आहे, आणि तेही खरं होतं, मी स्वतः बोट फिरवून बघितलं होतं. दोघंही खरं बोलत होते आणि आईचा हात प्लास्टरमध्ये होता. मला त्या दिवशी जितकं हताश वाटलं तितकं क्वचित वाटलं असेल, कारण भांडायला समोर खोटं बोलणारं कुणी असावं लागतं.

कळलं ते क्रेनवाल्या इंजिनिअरकडून. तो आता दुसऱ्या साइटवर होता, मी फोन करून सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन एकच म्हणाला, मीटर-दीड मीटरचाच पट्टा आहे ना? मग बॅकफिल बसलं असणार.

ती चर. बेसमेंटच्या भिंतीच्या बाहेर, वॉटरप्रूफिंगसाठी ठेवलेली. काम झालं की ती मातीनं भरतात, आणि भरायची पद्धत अशी की वीस सेंटिमीटरच्या आसपास थर टाकायचा, त्यावर पाणी, मग रॅमरनं ठोकायचं, मग पुढचा थर. तीन बेसमेंट खोल चर अशी भरायची म्हणजे पन्नास-साठ थर, आणि अरुंद जागा, आत मशीन उतरवायला कठीण, माणसाला घुसमटायला होतं, शिवाय तोपर्यंत इमारत वर विसाव्या मजल्यावर पोचलेली असते, सगळ्यांचं लक्ष तिकडं. मग वरून डंपर लावून माती ढकलतात. वरून भरलेली दिसते. वरचे चार-दोन थर ठोकले की घट्टही लागते. पण आत पोकळी असते, मातीची ढेकळं एकमेकांवर टेकून बसलेली असतात, आणि मोठा पाऊस झाला की पाणी आत उतरून ती विरघळतात, माती बसते, आणि तिच्यावरचं सगळं खाली येतं. पेव्हरवाल्याची काहीच चूक नाही. तो तळहातानं बघत होता, पण तळहाताला दहा मीटर खालचं कसं कळणार.

मला त्या चरीवर राग आला नाही, खरं तर रडू आलं. खांब पुढच्या कित्येक वर्षांत किती आखूड होईल याचा हिशोब ज्या कामात झाला, सळई बोटभर चुकली म्हणून कुणी न सांगता ज्यानं गाठी सोडल्या, त्याच कामात ही माती अशीच ढकलली गेली, कारण ती इमारतीत धरली जात नाही. ती इमारतीचा भाग नाही आणि रस्त्याचाही नाही. तिच्यावरून फक्त लोक चालतात.

त्यानंतर मी वाचत गेले ते या रेघेबद्दलच. न्यूयॉर्कनं 1961 मध्ये बिल्डरांना सांगितलं की रस्त्यालगत चौक मोकळा सोडा, त्या बदल्यात जास्तीचे मजले बांधू देतो, दर चौरस फुटाला दहा चौरस फूट. चौक झाले, पुष्कळ झाले, पण ओसाड, गुळगुळीत, बसायला काही नाही. विल्यम व्हाइट नावाच्या माणसानं कॅमेरे लावून वर्षानुवर्षं बघितलं की लोक कुठं थांबतात, आणि त्याचा निष्कर्ष किती साधा, लोक बसायला जागा असते तिथं बसतात. त्यावरून 1975 मध्ये नियम बदलला, चौकात बसायची सोय सक्तीची झाली. चौदा वर्षं लागली एवढं लिहायला, पण लिहिलं. जपानमध्ये ओकायामा शहरात सेइची मियाके यांनी अंध माणसांसाठी पायाला कळणारे उंचवट्यांचे ब्लॉक बनवले, 1967 मध्ये तिथल्या अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसले. आता जगभर मेट्रो स्टेशनांत, क्रॉसिंगवर ते पिवळे पट्टे आपण बघतो आणि त्यांच्यावरून बॅग ओढत जातो. कुणीतरी एका माणसाच्या तळपायाचा विचार केला होता.

स्टॉकहोममध्ये रस्त्यावरची झाडं मरत होती, कारण फूटपाथखालची माती ठोकून दगड झालेली, मुळांना हवाच नाही. तिथल्या लोकांनी फरशीखाली मोठमोठे दगड एकमेकांत अडकवून भरले, भार दगडांनी घ्यायचा, आणि दगडांमधल्या पोकळीत माती आणि कोळशाचा भुगा पाण्यानं धुऊन उतरवला, ती मुळांसाठी. वरून तुम्ही चाला, गाडी जाऊ दे, खाली झाड जगतं. हे वाचलं तेव्हा मला ती चर पुन्हा दिसली. जमिनीखाली काय भरायचं याचा इतका प्रेमानं विचार करता येतो तर. आमच्याकडं लावलेल्या अकरा झाडांतली चार गेली, त्यांचे खड्डे बादलीएवढे होते, मी बघितले होते, तेव्हा मला बोलायचं सुचलं नाही.

आणि कोपनहेगनचा स्ट्रॉगेट रस्ता. 1962 मध्ये गाड्या बंद केल्या त्या चाचणी म्हणून, कायमचा निर्णय 1964 चा. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरला 2009 मध्ये ब्रॉडवे बंद केला तेव्हाही आधी नुसत्या घडीच्या खुर्च्या आणून ठेवल्या, दगडी फरशी बरीच नंतर. मला यात आवडतं ते हे, की आधी माणसांना चालू दिलं, बसू दिलं, जमीन वापरात कशी वागते ते बघितलं, मग पक्कं केलं. आमच्या रस्त्याचं उद्घाटन ज्या दिवशी झालं त्या दिवसानंतर त्याच्याकडं मोजायला कुणी आलंच नाही. कॉंक्रीटचे ठोकळे अठ्ठावीस दिवसांनी फोडून बघतात, मग फूटपाथ पहिल्या मोठ्या पावसानंतर का बघू नये? एक माणूस, एक पट्टी, अर्धा दिवस. मी हे लिहून दिलंय, दोन्हीकडं दिलंय, पोच घेतलीये, आणि दर महिन्याला जाऊन विचारणार आहे.

तो पट्टा शेवटी दुरुस्त झाला, पेव्हर उचलून, खाली भर घालून परत बसवले. दुसऱ्या वर्षी परत थोडा बसला, यावेळी दहा-बारा मिलिमीटर. माती अजून जागा शोधतीये. आईचा हात बरा झाला पण मूठ पूर्ण वळत नाही. ती जाते अजून बाकापर्यंत, काठी घेऊन. त्या सांध्याशी आली की थांबते, काठीचं टोक आधी पलीकडं टेकवते, दाबून बघते, मग पाऊल टाकते. माझा हात धरत नाही, मी धरला तर सोडवून घेते.

गेल्या आठवड्यात पलीकडच्या प्लॉटवरच्या नव्या साइटपाशी उभी होते. तिथंही भिंतीबाहेर तशीच चर, आणि तिच्यात भरणी चालू होती. खाली दोघं जण होते, एकाच्या हातात रॅमर, तो धडधडत एका टोकाकडून दुसऱ्याकडं चाललेला, दुसरा मागून पाइपनं पाणी मारत होता, वरून एक जण घमेल्यानं माती टाकायचा, डंपर बाजूला नुसता उभा. मी जाळीतून ओरडून विचारलं, दादा, एका वेळी किती टाकता? रॅमरच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. परत विचारलं. त्यानं मशीन बंद केलं, वर बघितलं, आणि चिखलानं भरलेला हात उंच करून अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली. वीतभर.